दुपारी रुसते, सकाळी ओढत नाही

साताऱ्याच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा. वडिलांनी 2002 साली घेतलेली होंडा सिटी 1.5 व्हीटेक त्यांच्याकडे आहे. वडील जाऊन तीन वर्षं झाली. गाडी एक लाख साठ हजार किलोमीटर चालली आहे. मार्चपासून पुण्याहून परतताना शिरवळला दहा मिनिटं थांबलं, की नंतर सेल्फ मारल्यावर इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. बॉनेट आणि दारं उघडून अर्धा-पाऊण तास थांबलं, की काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजवाल्यांनी आधी प्लग, मग पेट्रोल पंप बदलला. पहिला नवा पंपही खराब निघाला असावा म्हणून आणखी एक घातला. दुखणं तसंच आहे. त्यातच दोन तक्रारी वाढल्या. पहाटे हायवेला लागल्यावर इंजिनाच्या मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या पुढे जो जोर यायचा तो येत नाही. आणि तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. गॅरेजवाले आता इंजिन खोलायचं म्हणतात, भाऊ म्हणतो भंगारात घाल. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे : ‘गाडी ठेवू की विकू, आणि ठेवायची तर सुरुवात कुठून करू?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी लाल रेघ ओढली आहे. ‘सावलीत लावली तर सहसा रुसत नाही’ असं तुम्ही दुसऱ्या पानावर सहज लिहून गेलात. पंप, प्लग, इंजिन यांच्याबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय, पण दुखण्याचा पत्ता या एका वाक्यात आहे.

असं बघा. पुण्याहून शिरवळपर्यंत आलेलं इंजिन सावलीत उभं केलं काय, उन्हात केलं काय, दहा मिनिटांत सारखंच गरम असणार. पेट्रोलची टाकी आणि तिच्यातला पंप यांच्यातही दहा मिनिटांत फरक पडत नाही. उन्हात आणि सावलीत झपाट्याने बदलतं ते गाडीच्या आतलं तापमान. काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड एप्रिलच्या दुपारी हात ठेववत नाही इतका तापतो. म्हणजे दोष अशा वस्तूत शोधायचा, जी डॅशबोर्डच्या मागे बसली आहे आणि जिच्यावाचून इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. ती वस्तू म्हणजे मेन रिले.

नव्वदच्या दशकातल्या रचनेच्या होंडा गाड्यांत हा सात पिनांचा एक छोटा डबा असतो. त्यात दोन रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, आहेत. चावी फिरवली की पहिला ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, आणि इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना करंट देतो. दुसरा पेट्रोल पंपाला करंट देतो, तोही ईसीयूने सांगितल्यावर. डब्यातल्या पिना एका पट्टीवर सोल्डर केलेल्या असतात. वीस-बावीस उन्हाळे आणि हिवाळे तापून-निवून ते सोल्डर पिनेभोवती गोल चिरतं. चीर इतकी बारीक असते की थंडीत दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या राहतात आणि करंट जातो. तापल्यावर धातू पसरतो, टेकलेलं सुटतं, पंप गप्प बसतो. दारं उघडून तुम्ही अर्धा तास रस्त्यावर उभे राहता, तेवढ्यात डॅशबोर्ड निवतो आणि गाडी सुरू होते. तुम्हाला वाटतं बॉनेट उघडल्यामुळे झालं. काम दारांनी केलेलं असतं.

माझा रोख रिलेवर असला तरी तुम्ही रिलेसुद्धा माझ्या सांगण्यावरून बदलू नका. दोन पंप असेच कुणाच्या तरी अंदाजावर बदलले गेले आहेत. गाडी रुसलेली असताना, म्हणजे नेमकी तीच वेळ साधून, ही तपासणी करा. ब्लोअर आणि गाणी बंद करा, काचा वर ठेवा, घरच्यांना दोन मिनिटं बोलू नका म्हणा. सेल्फ न मारता चावी ‘ऑन’वर आणा. मागच्या सीटच्या बाजूने दोनच सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पंप. त्याच वेळी मीटरमधला चेक इंजिनचा पिवळा दिवा लागून दोन सेकंदांनी विझायला हवा. ही गुणगुण कशी असते ते आधी घरी, सकाळी, गाडी धड असताना चार वेळा ऐकून कान तयार करा, नाहीतर शिरवळच्या गोंगाटात फसाल.

दिवा लागतोय, विझतोय, पण गुणगुण नाही : मग पंपाच्या वाटेवर करंट तुटलाय आणि रिलेच्या दुसऱ्या अर्ध्यावर संशय जवळजवळ पक्का. खात्रीसाठी त्याच वेळी पंपाच्या सॉकेटवर मल्टीमीटर लावून एकाला चावी फिरवायला सांगा. दोन सेकंद बारा व्होल्टच्या आसपास आले नाहीत, तर तुमचे दोन्ही जुने पंप निर्दोष होते. पिवळा दिवा मुळीच लागला नाही तर पहिला अर्धा, किंवा त्याला करंट देणारा फ्यूज. आणि दिवाही बरोबर, गुणगुणही बरोबर, तरी इंजिन पकडत नाही, तर रिले सोडून द्या आणि बॉनेट उघडा.

कारण तिथे दुसरा संशयित आहे. तुमच्या गाडीत आजच्यासारखी प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल नाही. चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारा एकच डिस्ट्रिब्युटर आहे आणि ठिणगीचा करंट तोडणारा-जोडणारा इग्नायटर त्याच्या पोटात बसलाय. म्हातारा इग्नायटरही तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर शहाण्यासारखा वागतो, त्यामुळे या दोघांची गल्लत नेहमी होते. फरक ओळखायची एक सोपी खूण सांगतो. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरतंय आणि काटा थोडासा तरी थरथरतोय, तर इग्नायटर बहुतेक काम करतोय. काटा मेल्यासारखा शून्यावर असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवायला जागा आहे. मग एक जादा प्लग वायरला लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून ठिणगी बघता येते. पण हे काम मेस्त्रींना करू द्या. करंट जबर असतो, आणि पेट्रोलचा जरा जरी वास येत असेल तर ठिणगीचा प्रयोग कुणीच करू नये. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडलीच तर आत तेल किंवा तांबूस भुकटी आहे का पाहायला सांगा. तेल म्हणजे दांड्याचं सील गेलं, भुकटी म्हणजे बेअरिंग झिजलं.

सावलीचा पुरावा मात्र रिलेच्या बाजूचा आहे, आणि तुम्ही शिरवळला ऐकाल ते त्यावर शिक्का मारेल किंवा मला खोटं पाडेल. दोन्ही चालेल.

आता पहाटेचा जोर. हे वाचताना मला गॅरेजवाल्यांचा थोडा राग आला, कारण तुमच्या तिसऱ्या पानावर आहे : ‘मागच्या उन्हाळ्यात गाडी गरम व्हायची म्हणून त्यांनी थर्मोस्टॅट काढून टाकला, आपल्या हवेला तो लागत नाही म्हणाले.’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि तिने चांगल्या गाड्यांचं फार नुकसान केलंय. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेतला दरवाजा आहे. इंजिन गार असताना तो बंद राहून इंजिनाला लवकर तापू देतो, तापल्यावर पूर्ण उघडतो. तुमची गाडी उन्हाळ्यात गरम होत होती तेव्हा तो धड असता तर उघडाच असता. अडकलेला असता तर नवा घालायचा होता. काढून टाकल्याने रेडिएटरमधला कचरा, कमजोर पंखा किंवा सैल झाकण, जे काही मूळ कारण होतं, ते झाकलं गेलं.

आणि व्हीटेकचा त्याच्याशी थेट संबंध आहे. होंडाचं हे तंत्र म्हणजे एकाच इंजिनाला दोन स्वभाव. कमी फेऱ्यांना व्हॉल्व्ह एका कॅमच्या चढावर चालतात. फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबाने रॉकरमधल्या पिना सरकतात, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह जास्त उंच, जास्त वेळ उघडतात. 106 हॉर्सपॉवर जाणवतात त्या तिथे. पण ईसीयू ही परवानगी नुसत्या फेऱ्या बघून देत नाही. इंजिनावर भार किती, गाडी चालतीय का आणि पाणी पुरेसं तापलंय का, हेही तो बघतो. गार इंजिनात तेल जाड असतं, म्हणून तो थांबवतो. थर्मोस्टॅट नसलेली गाडी पहाटेच्या गार हवेत हायवेला लागली की पाणी अखंड रेडिएटरमधून फिरत राहतं आणि तापतच नाही. ईसीयूच्या लेखी तुम्ही अजून अंगणातून बाहेर पडताय. तो व्हीटेक अडवतो आणि वर पेट्रोलही जास्त सोडतो. अॅव्हरेज चौदावरून अकरावर आलं म्हणता, त्याचं उत्तरही बहुधा इथेच आहे. पहाटे लिंबखिंड ओलांडून पुढे गेल्यावर तापमानाचा काटा कुठे असतो ते बघा. नेहमीच्या जागेपेक्षा बराच खाली रेंगाळत असेल, तर पहिला खर्च नव्या थर्मोस्टॅटचा आणि चांगल्या कूलंटचा. साधं पाणी नको. एक लक्षात ठेवा : मीटरच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. काटा बरोबर दिसला म्हणून ईसीयूलाही बरोबर दिसतंय असं नाही.

थर्मोस्टॅट बसवायला जाल तेव्हा आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघा, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. होंडाच्या या डी मालिकेच्या इंजिनांत ईसीयूची अर्थची वायर बहुधा थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरच बोल्टने आवळलेली असते. तो भाग ज्याने कुणी खोलला, त्याने ती वायर नीट घासूनपुसून परत लावली का? सैल, गंजलेली किंवा लोंबकळती अर्थ असली तर ईसीयूला येणारा प्रत्येक निरोप थोडा चुकीचा येतो आणि मग गाडी अशी वागते की दहा भाग खराब आहेत असं वाटावं. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2-0.3 व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. जास्त आला तर इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी या जाड पट्ट्या बदलायच्या. त्या स्वस्त असतात.

हे सगळं ठीक असूनही गरम इंजिनावर जोर येत नसेल, तर आधी डिपस्टिक बघा. तेल कमी असलं की दाब पुरत नाही आणि व्हीटेक लागत नाही, इतकं ते साधं असू शकतं. तेल बरोबर असेल तर व्हीटेकचा सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, काढून त्याच्यामागची बारीक जाळी साफ करायची. काजळीने ती बुजते. सोलेनॉइडचा रोध 14 ते 30 ओहमच्या दरम्यान हवा.

या गाडीला स्कॅनर जोडता येत नाही म्हणून दोषांचे कोड बघता येत नाहीत, असं तुम्हाला सांगण्यात आलं. स्कॅनर जोडता येत नाही हे खरं आहे. आपल्याकडे ओबीडी-2, म्हणजे स्कॅनरला दोष सांगणारी ठरावीक सोय, सक्तीची झाली 2013 मध्ये आणि तुमची गाडी त्याच्या अकरा वर्षं आधीची. पण या पिढीच्या होंडा स्वतः बोलतात. डॅशबोर्डखाली, सहसा डावीकडे पायाशी, कशालाच न जोडलेला दोन वायरींचा एक छोटा सॉकेट असतो. त्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडून चावी ऑन केली की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून कोड सांगतो. लांब झाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब, एक आखूड म्हणजे 21, व्हीटेक सोलेनॉइड. 22 म्हणजे व्हीटेकच्या तेलाच्या दाबाचा स्विच. 6 म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, 15 म्हणजे इग्निशन. कुठलीही दोन टोकं मात्र जोडू नका. शेजारी दुसरे सॉकेटही असतात, म्हणून नेमका कोणता ते वायरमनकडून एकदा दाखवून घ्या. मग वहीत लिहून ठेवा. ती वही पुढच्या प्रत्येक मेस्त्रीला दाखवता येईल.

बॅटरीचं दुखणं या दोन्हींपेक्षा वेगळं आहे आणि सोपं आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या जवळ दिसायला हवेत. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. हे आकडे आले तर अल्टरनेटर आणि बॅटरी दोघंही सुटले, आणि प्रश्न उरतो तो गुपचूप करंट खाणाऱ्याचा. तुमच्या पत्रात तोही आहे : कॉलेजच्या दिवसांत तुम्ही डिकीत अॅम्प्लिफायर बसवला होता.

बंद गाडी घड्याळ आणि रेडिओची आठवण यांच्यापुरता करंट खाते, 0.05 अँपिअरच्या आत. समजा तुमची गाडी 0.3 खातेय. चोवीस तासांत 7 अँपिअर-अवर गेले. 35 अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या दिवशी निम्म्याहून खाली येते आणि सेल्फ नुसता टकटक करतो. तुमचे तीन दिवस या हिशेबात चपखल बसतात.

मोजायचं असं : गाडी बंद, चावी बाहेर, दारं लावलेली. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मल्टीमीटरचं लाल टोक 10 अँपिअरच्या भोकात घालून मीटर ती वायर आणि खुंटी यांच्या मध्ये जोडा. वीस मिनिटं थांबून आकडा वाचा. मीटर लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, मीटर जळेल. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून बघतात, पण तुम्ही सुरुवात अॅम्प्लिफायरपासून करा, कारण त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असते आणि गाडीच्या डब्यातले सगळे फ्यूज काढले तरी ती चालूच राहते. फ्यूज काढून काढून लोक इथेच थकतात. ती वायर सोडल्याबरोबर आकडा पडला, तर चोर सापडला. त्याची चालू-बंदची बारीक वायर कुणीतरी चावीच्या करंटऐवजी कायमच्या करंटला जोडलेली असणार. आणि बॅटरीजवळ त्या जाड वायरवर फ्यूज आहे का तेही बघा. नसेल तर आजच वायर सोडून ठेवा. सीटखाली ती घासून उघडी पडली तर गाडीला आग लागू शकते. यात मी अजिबात सवलत देणार नाही.

आगीवरून पेट्रोलच्या नळ्या आठवल्या. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि तुमच्या गाडीतले रबरी भाग त्याच्यासाठी बनवलेले नाहीत. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या रबरी नळ्या हाताने दाबून बघा. भेगाळलेल्या, फुगलेल्या किंवा चिकट लागल्या तर इथेनॉल चालणाऱ्या नळ्या घाला. दोनदा पंप बदलताना तिथल्या क्लिपा कशा लावल्यात तेही बघून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती तुमच्याकडे नाही असं दिसतं. मग तो पाण्याच्या पंपासकट बदलून टाका. पंप त्याच पट्ट्यावर चालतो आणि तो पट्टा तुटला तर इंजिन खोलण्याची वेळ खरोखरच येईल.

आज मात्र इंजिन खोलण्याचं एकही कारण मला पत्रात दिसत नाही. तेल खात नाही, धूर नाही, सकाळी एका सेल्फला सुरू होते. तरी मनाची खात्री हवी असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. चार आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर पाना खाली ठेवायला सांगा.

ठेवू की विकू, हे आज ठरवू नका. शिरवळला बंद पडलेल्या गाडीत बसून घेतलेला निर्णय तुम्हाला पुढे टोचेल. त्यातून ती वडिलांची आहे. त्यांच्यासोबत याच गाडीतून पसरणीच्या घाटाने महाबळेश्वरला जायचात, हे तुम्ही दोनदा लिहिलंय. आधी ती धड होऊ द्या, मग घाट एकदा चढून या आणि मग भावाशी बोला. आज विकलीत तर लोक ‘बंद पडणारी गाडी’ म्हणून भंगाराचाच भाव देतील. मला वाटतं तिचं दुखणं एक रिले, एक थर्मोस्टॅट आणि एक चुकीची जोडलेली वायर एवढंच आहे.

येत्या रविवारी दुपारी गाडी मुद्दाम उन्हात लावा, काचा बंद ठेवा, आणि रुसली की वर सांगितलं तसं ऐका. पंप गप्प असेल तर बॅटरीची वायर सोडा, डॅशबोर्डखालून तो सात पिनांचा डबा काढा आणि शहरातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे न्या. झाकण उघडून भिंगाखाली पिनांची मुळं बघायला सांगा. सोल्डरच्या ठिपक्यात पिनेभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसेल. ती दिसली तर जुनं सोल्डर काढून नवं भरायला सांगा, आणि जमलं तर त्याआधी तिचा एक फोटो काढून मला पाठवा.